मारक्या कोंबड्याचं काय करायचं?

बैल मारका निघाला तर गावात त्याची चर्चा होते. त्याला वेगळं बांधतात, पोरांना जवळ फिरकू देत नाहीत, बाजारात त्याचा भावही पडतो. कोंबडा मारका निघाला तर मात्र लोक हसतात. ‘लई मारकं हाय, जरा जपून या’ असं हसतहसत सांगितलं जातं आणि पाहुणा चप्पल हातात घेऊन दारातच थबकतो. हसणाऱ्यांत बहुतेक पुरुष असतात. रोज खुराड्यात हात घालून अंडी काढायची असतात ती घरातल्या बाईला, आणि अंगणात उघड्या पायांनी खेळत असतं ते चार वर्षांचं पोर. कोंबडा उडी मारून दोन्ही पाय पुढे टाकतो तेव्हा मोठ्या माणसाच्या पोटरीला लागतं. त्या पोराचा चेहराच त्या उंचीवर असतो.

धाराशिव जिल्ह्यात ही गोष्ट हसण्यावारी नेण्यासारखी नाही. बालाघाटच्या डोंगररांगांतला हा दुष्काळी मुलूख. सोयाबीन, तूर, ज्वारीच्या भरवशावर घर चालतं आणि पावसाने दगा दिला की शेळ्या-कोंबड्याच हात देतात. इथल्या शेळीने जिल्ह्याचं जुनं नाव देशभर नेलं. जिल्ह्याचं नाव बदललं तरी शेळी ‘उस्मानाबादी’च राहिली. कोंबडीच्या वाट्याला तसा मान आला नाही, ती नुसती ‘गावरान’. पण शेळी विकायची तर घरात विचारावं लागतं आणि अंडी विकायला कुणाला विचारावं लागत नाही, हा फरक बायकांना चांगला ठाऊक आहे. 1993 च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनातून पुढे आलेल्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेने दुष्काळाच्या वर्षांत या भागात ‘एक एकर शेती’ची कल्पना रुजवली. घरच्या जमिनीतला एक एकर बाईने आपल्या हातात घ्यायचा, त्यात घरापुरती भाजी, डाळी, धान्य पिकवायचं आणि जोडीला शेळ्या-कोंबड्या ठेवायच्या. संस्थेला 2016 साली संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला. देशपातळीवरही परसातली कोंबडी वाढतेच आहे. 2019 च्या पशुगणनेत देशात 85 कोटींहून अधिक कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले. त्यांतले सुमारे 31 कोटी 70 लाख परसातले होते आणि आधीच्या गणनेपेक्षा ही परसातली संख्या 46 टक्क्यांच्या आसपास वाढलेली होती. इतक्या परसांत कोंबडेही आलेच, आणि त्यांतले काही मारकेही.

मुळात कोंबडा हवाच कशाला, हा प्रश्न आधी सोडवायला हवा. अंड्यांसाठी कोंबडा लागत नाही. कोंबडा नसला तरी तलंग वयात आली की अंडी घालते. ती खायला उत्तमच असतात, फक्त त्यांतून पिल्लं निघत नाहीत. हे अजूनही पुष्कळ घरांत पटत नाही. ज्यांना नुसती अंडी खायची-विकायची आहेत आणि पिल्लं बाहेरून आणायची आहेत, वनराजा, गिरीराज, कावेरी अशी सुधारित जात घेतली आहे, त्यांनी कोंबडा पाळलाच नाही तर काही अडत नाही. सुधारित जातींच्या कोंबड्या खुडूकही फारशा बसत नाहीत. गावरान कोंबडीचं गणित निराळं. ती खुडूक बसते, एकवीस दिवसांनी पिल्लं काढते आणि कळप घरच्या घरी वाढतो. तिथे कोंबडा लागतो. आठ-दहा कोंबड्यांमागे एक पुरेसा आहे. पाच कोंबड्यांत तीन कोंबडे ठेवणारी घरं भांडण विकतच घेतात.

कोंबड्याचा मारकेपणा येतो कुठून? याचं पहिलं नेमकं उत्तर जर्मनीत 1849 साली मिळालं. गॉटिंगेनच्या आर्नोल्ड बर्थोल्ड या शास्त्रज्ञाने सहा तरुण कोंबड्यांवर प्रयोग केला. ज्यांचे वृषण काढून टाकले त्यांचा तुरा वाढला नाही, आरवणं नीट जमेना, कोंबड्यांमागे लागणं आणि आपसात झुंजणंही जवळजवळ थांबलं. ज्यांच्या पोटात काढलेला वृषण पुन्हा दुसऱ्या जागी ठेवला, ते मात्र इतर कोंबड्यांसारखेच वाढले: लालभडक तुरा, बांग, झुंज, सगळं शाबूत. नव्या जागी वृषणाला रक्तवाहिन्या येऊन मिळाल्या होत्या, जुन्या नसांचा संबंध उरला नव्हता. म्हणजे वृषणातून रक्तात काहीतरी मिसळतं आणि तेच कोंबड्याला कोंबडा बनवतं. संप्रेरकांच्या शास्त्राची सुरुवात पुष्कळजण याच प्रयोगापासून मोजतात. आज त्या ‘काहीतरी’ला टेस्टोस्टेरॉन म्हणतात. म्हणूनच चार-पाच महिन्यांपर्यंत मांडीवर बसणारं पिल्लू, तुरा लाल झाला आणि फाटक्या आवाजात आरवायला लागलं की एकदम ओळख विसरल्यासारखं वागतं. लोक म्हणतात कुणाची नजर लागली. नजर नाही, वय लागलेलं असतं.

दुसरी गोष्ट कळपातल्या मानाची. नॉर्वेच्या थॉर्लीफ शेल्डरूप-एबे याला लहानपणापासून कोंबड्यांचं वेड होतं. कोणती कोंबडी कुणाला चोच मारते आणि कुणाची खाऊन घेते, याच्या त्याने नोंदी ठेवल्या आणि पुढे 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर शास्त्रीय लेखन केलं. कळपात वरपासून खालपर्यंत चोचीचा क्रम असतो आणि तो एकदा ठरला की रोजची मारामारी थांबते, हे त्याने दाखवलं. नवा पक्षी आणला, जुना काढला, की क्रम पुन्हा ठरवावा लागतो आणि पिसं उडतात. बांगेतसुद्धा हा मान असतो. जपानमधल्या संशोधकांनी 2013 साली दाखवलं की कोंबडा उजेड पाहून नव्हे, शरीरातल्या घड्याळावर आरवतो. सतत मंद उजेडात ठेवला तरी त्याची वेळ चुकत नाही. दोन वर्षांनी त्यांनीच दाखवलं की एका जागी अनेक कोंबडे असतील तर पहिली बांग वरच्या मानाचा देतो आणि बाकीचे क्रमाने मागून. कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण सगळ्यांना पाठ आहे; झाकलेल्या कोंबड्यालाही तांबडं कधी फुटणार हे आतूनच कळत असतं, एवढी भर तिच्यात घालायला हरकत नाही.

या सगळ्यात कोंबड्याची चांगली बाजू विसरू नये. चांगला कोंबडा दाणा सापडला की आधी स्वतः खात नाही. चोचीने उचलतो, टाकतो, कुक-कुक करून कोंबड्यांना बोलावतो. आकाशात घार दिसली तर एक आवाज काढतो, जमिनीवरून मुंगूस किंवा कुत्रं आलं तर दुसरा. आणि कोंबड्या त्याप्रमाणे कधी झुडपात दबतात, कधी माना वर करून बघतात. कुत्र्याशी तो लढून जिंकेल असं नाही. त्याचा खरा उपयोग वेळेवर ओरडण्याचा आहे. वाडीवस्तीवर मोकळ्या फिरणाऱ्या कळपाला हा पहारा मोलाचा ठरतो. पहारा देण्याची आणि अंगावर येण्याची ऊर्मी एकाच मुळातून येते. कोंबडा कुणाला शत्रू समजतो, यावर तो राखण्या की मारका हे ठरतं.

म्हणून कोंबडा मारका आहे असं ऐकलं की पहिला प्रश्न विचारावा: कुणाला मारतो?

दुसऱ्या कोंबड्याला मारत असेल, तर ते स्वाभाविक आहे. जागा मोठी असेल आणि धाकटा थोरल्याच्या नजरेखाली वाढला असेल, तर बरेचदा दोघंही नांदतात. अंगण लहान असेल तर धाकट्याला विकावं. जास्त कोंबडे म्हणजे जास्त पिल्लं असंही काही नसतं. दुबळ्या कोंबड्याने जबरदस्तीने गाठलं तर कोंबडी त्याचं वीर्य पुष्कळदा बाहेर टाकून देते, हे टोमासो पिझारी आणि टिम बर्कहेड यांनी 2000 साली दाखवून दिलं आहे. घरातल्या मतदानात कोंबडीचंही मत असतं.

कोंबड्यांना जखमी करत असेल तर बघा, पाठीची पिसं गेली आहेत का, मानेमागे टक्कल पडलं आहे का. समागमाच्या वेळी कोंबडा मानेची पिसं चोचीत धरतो आणि पाठीवर उभा राहतो. कोंबड्या कमी असल्या, किंवा एखादी त्याच्या विशेष मर्जीतली असली, तर तिची पाठ सोलवटून निघते. उपाय दोन: कोंबड्या वाढवा किंवा कोंबड्याला बाजूला ठेवा. इथे एक फार उपयोगी गोष्ट सांगायची आहे. कोंबडीच्या अंडनलिकेत वीर्य साठवणाऱ्या बारीक नळ्या असतात. त्यामुळे कोंबडा वेगळा केल्यावरही साधारण दहा-बारा दिवस अंडी फलित निघू शकतात. म्हणजे खुडूक कोंबडीखाली अंडी बसवायची असतील त्याआधी आठवडाभर कोंबडा कळपात सोडायचा, पुरेशी अंडी गोळा झाली की परत वेगळा करायचा. वर्षभर त्याला मोकाट ठेवण्याची गरज नाही. उलट बाजूही लक्षात ठेवा. कोंबडा बदलला तर पुढचे तीनेक आठवडे बसवलेल्या अंड्यांचा बाप जुनाच असू शकतो.

माणसाला मारणारा कोंबडा ही तिसरी आणि खरी अडचण. तो अचानक अंगावर येतो असं वाटतं, पण बहुधा त्याने आधी सांगितलेलं असतं. मानेची पिसं फुलतात. एक पंख खाली सोडून तो आडवा-आडवा, कुशीने चालत जवळ येतो. उगीच जमिनीवर चोच मारतो. आपण पाठ फिरवली की झेपावतो. या क्षणी दोन गोष्टी हमखास चुकतात: पळणं आणि लाथ मारणं. पळणारा हरला, असा त्याचा हिशेब. लाथ मारणाऱ्याने झुंज स्वीकारली, मग तो उद्या पुन्हा येणार. काठीने झोडलेला कोंबडा सुधारल्याचं माझ्या तरी पाहण्यात नाही. तो काठीवाल्याला टाळतो आणि पोराला गाठतो. त्याऐवजी त्याच्याकडे तोंड करून उभं राहावं, हातात सूप, टोपली, घमेलं जे असेल ते दोघांच्या मध्ये धरावं आणि तो मान वळवून दाणे टिपायला लागेपर्यंत जागा सोडू नये. मग सावकाश आपल्या कामाला लागावं.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्याला निमित्त न देणं. भर दिवसा कोंबडी धरायला गेलं, ती किंचाळली, की कोंबडा तुटून पडतो. आणि त्या दिवसापासून धरणारा माणूस त्याच्या यादीत जातो. मानमोडीची लस द्यायची, उवा बघायच्या, कोंबडी विकायला काढायची, हे सगळं रात्री करावं. अंधारात कोंबड्यांना जवळजवळ दिसत नाही, त्या मुकाट हाती येतात. पोरांनी पिल्लांमागे धावणं बंद करावं. दाणे खुराड्याच्या दारात न टाकता लांब आणि दोन-तीन ठिकाणी टाकावेत, सगळे तिकडे गेले की मागून अंडी काढावीत. घासून लख्ख केलेल्या हंड्यात किंवा उभ्या मोटारसायकलच्या चकचकीत पत्र्यात स्वतःचं प्रतिबिंब पाहून कोंबडे झुंजतात आणि तापलेले असताना समोर येईल त्याच्यावर जातात, हेही ध्यानात असू द्यावं.

पिल्लू लाडाने वाढवलं तर ते गरीब होतं, हा समज तलंगांच्या बाबतीत खरा आहे. नराच्या बाबतीत उलट घडताना दिसतं. हातावर वाढलेल्या नराची माणसाबद्दलची भीड चेपते, आणि वयात आला की तो माणसालाही कळपातलाच एक प्रतिस्पर्धी धरतो. नर पिल्लांना हाताळावं, पण मांडीवर घेऊन खेळवू नये. पाच-सहा महिन्यांचा पट्ठा पहिल्यांदा अंगावर आला तर त्याला शांतपणे धरून, पंख दाबून, काखेत घेऊन अंगणात दहा-पंधरा मिनिटं आपलं काम करत हिंडावं. या वयात हा उपाय बऱ्याचदा लागू पडतो. दोन वर्षांचा सराईत कोंबडा असेल तर फार आशा धरू नये.

डालगं हे आपल्याकडचं जुनं आणि चांगलं साधन. तापलेला कोंबडा तासभर डालग्याखाली झाकला की अंधारात निवतो. पण धाराशिवच्या एप्रिल-मेच्या उन्हात डालगं सावलीतच हवं, आत पाण्याची वाटी हवी. पायाला दोरी बांधून खुंट्याला अडकवणं मला पसंत नाही. दोरी गुंतते, पाय मोडतो आणि कुत्रं आलं तर त्याला पळताही येत नाही. त्यापेक्षा जाळीचा छोटा कप्पा करावा. पायामागचा काटा वयाबरोबर वाढतो आणि टोकदार होतो. त्याचं नुसतं टोक कानशीने घासून बोथट करता येतं. काटा मुळाशी कापू नये. आत हाड आणि रक्त असतं. खच्चीकरण घरी करण्याची कल्पना कुणी काढलीच तर ती मोडून काढा. कोंबड्याचे वृषण पोटात, पाठीच्या कण्यालगत असतात, पोट उघडल्याशिवाय ते हाती लागत नाहीत.

जखमेबद्दल थोडं. काट्याची जखम वरून लहान आणि आत खोल असते, शिवाय उकिरड्याची माती तिच्यात गेलेली असते. साबण आणि वाहत्या पाण्याने भरपूर धुवावं, आणि धनुर्वाताची लस वेळेत घेतलेली नसेल तर घ्यावी. रेबीजची भीती इथे नको, तो सस्तन प्राण्यांचा आजार आहे. डोळ्याला किंवा डोळ्याजवळ लागलं असेल तर थेट डॉक्टर गाठावा. घरात पायाच्या शिरा फुगलेली म्हातारी माणसं असतील तर विशेष जपावं. 2019 साली ऑस्ट्रेलियातल्या रॉजर बायर्ड या न्यायवैद्यक तज्ज्ञाने एक नोंद प्रसिद्ध केली. अंडी गोळा करायला गेलेल्या 76 वर्षांच्या बाईच्या पायाला कोंबड्याने चोच मारली, नेमकी फुगलेल्या शिरेवर, आणि रक्तस्रावाने ती दगावली. अशी घटना फार विरळा. पण शेतात आणि चुलीपुढे आयुष्य उभ्याने काढलेल्या आपल्याकडच्या आज्यांचे पाय पाहिले की ती नोंद आठवते. शीर फुटलीच तर आडवं निजवून पाय उंच धरावा आणि जखम घट्ट दाबून ठेवावी, रक्त थांबतं.

मारकेपणा रक्तातूनही उतरतो. अमेरिकेत कॅन्ससच्या ए. एम. गुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भांडखोर आणि गरीब कोंबड्या निवडून दोन वेगळी घराणी वाढवली आणि थोड्याच पिढ्यांत त्यांच्यात स्पष्ट फरक पडलेला 1960 साली दाखवला. असीलची गोष्ट यापुढची. असील ही भारतातली जुनी झुंजीची जात, दुसऱ्या कोंबड्याच्या जिवावर उठणारी. पण चांगला असील माणसाच्या हातात निमूट राहतो, कारण धरणाऱ्यालाच टोचणारा पक्षी पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ठेवला नाही. कोंबड्याशी झुंजणं आणि माणसावर येणं या दोन वेगळ्या खोडी आहेत आणि दुसरी निवडीने कमी करता येते, याचा याहून चांगला पुरावा नको. (झुंजी लावणं हा मात्र 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. फेब्रुवारी 2021 मध्ये तेलंगणातल्या जगतियाल जिल्ह्यात पायाला सुरी बांधलेला कोंबडा हातातून सुटायला धडपडला आणि धरणाऱ्याचाच जीव गेला.)

आपल्याकडे निवड होते ती आखाडात, आणि बहुतेक वेळा उलटी. अंगाने भरलेला, शांत, सहज हाती लागणारा कोंबडा आधी कापला किंवा विकला जातो. हाती न लागणारा, अंगावर येणारा मागे राहतो, आणि श्रावणात बसवलेल्या अंड्यांचा बाप तोच होतो. असं चार-पाच वर्षं चाललं की ‘आमच्याकडची जातच मारकी’ असं म्हणायची वेळ येते.

माझं मत सरळ आहे. कोंबड्यांची राखण करणारा, दुसऱ्या कोंबड्याला अंगणातून हुसकावणारा कोंबडा जरूर ठेवावा. जागा, दाणा, वेळ यांत बदल करून, महिना-दीड महिना धीर धरूनही जो माणसावर येतच राहतो, त्याची अंडी बसवू नयेत आणि लहान मूल असलेल्या घरात तो ठेवूही नये. आखाडात पहिली पाळी त्याची असावी. गरीब स्वभावाचा कोंबडा शेजारच्या गावातून आणावा. वर्षा-दोन वर्षांनी बाहेरचा कोंबडा आणल्याने कळपातलं रक्तही बदलतं. आणलेल्याला दोन आठवडे वेगळं ठेवून आजार नाही हे पाहावं, मग कळपात सोडावं. सल्ला लागला तर जवळचा पशुवैद्यकीय दवाखाना आहे, तुळजापूरचं कृषि विज्ञान केंद्र आहे. आणि मारका कोंबडा आठवडी बाजारात जिवंत विकणार असाल, तर घेणाऱ्याला त्याची खोड आधी सांगा. त्याच्याही घरी अंडी काढायला कुणीतरी वाकणार आहे.